पुढचं नको

गाडीचे टायर बदलून होईपर्यंत बसून राहणं म्हणजे माणसाच्या सहनशक्तीचा अंत बघणंच. रबराचा उग्र वास, सकाळपासून गरम राहून राहून कडू झालेली कॉफी, कुणीतरी ठेवून गेलेली मासेमारीची जुनी मासिकं आणि भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही. महिना मार्च आणि ठिकाण नॉर्थ कॅरोलायना, त्यामुळे टीव्हीवर काय चालू होतं हे सांगायला नकोच. एसीसीची, म्हणजे इकडच्या विद्यापीठांच्या गटाची, बास्केटबॉल स्पर्धा रंगात आली होती आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात जुन्या क्षणांची उजळणी चालली होती. त्यात १९८३ची ती क्लिप लागली. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटचे दोन-चार सेकंद, एन. सी. स्टेटच्या डेरेक व्हिटनबर्गने फार लांबून भिरकावलेला बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही, आणि कुठूनसा उगवलेला लोरेंझो चार्ल्स तो हवेतच पकडून जाळीत कोंबतो. ५४-५२. मग कोच जिम व्हॅल्व्हानो मिठी मारायला कुणी सापडतंय का म्हणून कोर्टभर सैरावैरा धावत सुटतो. माझ्या समोर दोन म्हातारे बसले होते. एकाच्या डोक्यावर लाल टोपी, दुसरा कानातल्या यंत्राची इवलीशी बॅटरी बसवण्याच्या खटपटीत. तोवर दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हते, क्लिप लागली आणि शाळेपासूनचे मित्र असल्यासारखे बोलायला लागले. तू कुठे होतास, मी कुठे होतो, कुणाच्या घरी टीव्ही पाहिला, किती ओरडलो. मग टोपीवाला जरा थांबून म्हणाला, "बिचारा चार्ल्स. शेवटी शेवटी बस चालवायचा ना तो? आय-४० वर..." दुसऱ्याने बॅटरी धरलेला हात वर केला. "पुढचं नको. इथवरच राहू दे." टोपीवाल्याने मान डोलावली आणि दोघं पुन्हा १९८३ मध्ये शिरले.

माझी गाडी झाली, पैसे दिले, निघाले. पण ते 'पुढचं नको' काही डोक्यातून जाईना.

पुढचं म्हणजे काय, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रुकलिनहून आलेला हा आडदांड मुलगा १९८३ मध्ये रॉलीच्या एन. सी. स्टेट विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. समोर ह्यूस्टनचा संघ, त्यात हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर. त्यांच्या डंकांची, म्हणजे उंच उडी मारून बॉल वरूनच रिंगमध्ये आपटण्याची, दहशत अशी, की लोकांनी अख्ख्या संघाला 'फाय स्लामा जामा' असं नाव ठेवलं होतं. त्यांना शेवटी डंकनेच हरवलं, तेही ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं अशा पोराने. व्हिटनबर्ग पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला की तो माझा शॉट नव्हताच, पास होता! लोक हसतात, तोही हसतो. चार्ल्स पुढे थोडा काळ एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये आणि बरीच वर्षं परदेशी क्लबांकडून खेळला, मग रॉलीला परतला आणि भाड्याच्या बस चालवायला लागला. २७ जून २०११ रोजी आय-४० वर त्याच्या बसला अपघात झाला आणि त्यात तो गेला. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. वय ४७. त्या रस्त्यावरून मी नेहमी जाते. आता मला पडलेला प्रश्न असा, की त्या म्हाताऱ्याला काय नको होतं? चार्ल्सचं मरण, की चार्ल्सची बस? मरण नको असेल तर समजू शकते. पण टोपीवाल्याचं 'बिचारा' बसच्या आधी आलं होतं, अपघाताच्या नव्हे. बस चालवणं ही काय लपवायची गोष्ट आहे? मनातल्या मनात मी त्याच्याशी पार डरहॅमपर्यंत भांडत गेले, आणि मला डरहॅमला जायचंही नव्हतं.

मी इथे आले ती संख्याशास्त्रात एम. एस. करायला, नव्वदच्या दशकात, पुण्याहून. बास्केटबॉल हा आमच्या शाळेत उंच मुलींचा खेळ होता आणि मी उंच नव्हते, विषय संपला. इथे आल्यावर कळलं की या गावात धर्म विचारत नाहीत, 'तू कुणाची?' असं विचारतात, आणि त्याला उत्तरं तीनच: स्टेट, कॅरोलायना, नाहीतर ड्यूक. रॉली, चॅपल हिल आणि डरहॅम, तिन्ही विद्यापीठं एकमेकांपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. त्यामुळे शेजारी शत्रू असतो, ऑफिसातला बॉस शत्रू असतो, आणि जावई निवडताना तर फारच पंचाईत. मी स्टेटची झाले ती केवळ फी तिथे भरली म्हणून. पण पहिल्या हिवाळ्यात लॅबमधल्या एका मुलीने ओढत रेनॉल्ड्स कॉलिझियममध्ये नेलं आणि मग फीचं कारण मागे पडलं.

रेनॉल्ड्स पाहिलेल्या माणसाला त्याचं वर्णन ऐकवायची गरज नाही, तरी मोह आवरत नाही. आगगाडीच्या रुळांना खेटून उभी असलेली ती विटांची लांबुळकी इमारत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नुसता पोलादी सांगाडा उभा राहिला आणि लढाई संपेपर्यंत तसाच गंजत पडला. पुढे एव्हरेट केस नावाचा कोच इंडियानाहून आला, त्याने तो आणखी लांबवून घेतला आणि १९४९ मध्ये बारा हजारांवर माणसं मावणारं ते धूड पुरं झालं. अरुंद आणि लांब, त्यामुळे टोकाला बसलेल्यांना खेळाडूंपेक्षा त्यांच्या सावल्याच जास्त दिसायच्या. आत एसी नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हजारो माणसांची वाफ, मक्याच्या लाह्यांचा खारट-तेलकट वास, बँडची पितळी वाद्यं कानाशी. एका बाजूने आरोळी यायची 'वुल्फ!', समोरून उत्तर जायचं 'पॅक!' (वुल्फपॅक हे आमच्या संघाचं नाव), आणि मध्ये माझ्या छातीचा पिंजरा हलायचा. आमचा पुरुषांचा संघ त्या वर्षांत बेताचाच होता. म्हणूनच असेल, आजूबाजूचे लोक कोर्टवर चाललेल्या खेळाबद्दल कमी आणि पूर्वीच्या खेळाबद्दल जास्त बोलायचे. फ्री थ्रो चुकला की मागच्या रांगेतून उसासा येई, 'थॉम्पसन असता तर...'

डेव्हिड थॉम्पसन. शेल्बीजवळच्या खेड्यातला, अकरा भावंडांतला सगळ्यात धाकटा. १९७२ ते ७५ अशी तीन वर्षं तो स्टेटकडून खेळला. उंची सहा फूट चार इंच, म्हणजे या खेळात बेताचीच, पण जागच्या जागी ४४ इंच उडी मारायचा असं सांगतात, आणि जर्सीचा नंबरही ४४. बॅकबोर्डच्या वरच्या कडेवर ठेवलेलं नाणं तो उडी मारून काढायचा, असं एका आजोबांनी मला शपथेवर सांगितलं होतं. पुढे कळलं की ही नाण्याची गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक गावात तिथल्या उंच उडणाऱ्या पोराबद्दल सांगतात. मला त्याचा राग आला नाही. पण खरी गंमत वेगळीच आहे. थॉम्पसनच्या संपूर्ण काळात कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक मारायला बंदी होती. १९६७ ला आली, १९७६ पर्यंत टिकली. यूसीएलए विद्यापीठाचा ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, त्याला आवरायला ती आणली असं म्हणतात, आणि काळ्या मुलांचा खेळ आवरायला आणली असंही बरेच जण म्हणतात. कारण काहीही असो, आकाशात जाऊ शकणाऱ्या मुलाला सांगितलं होतं की वर जा, पण वरून बॉल आपटायचा नाही. मग त्यांनी वाट काढली. मॉन्टी टो नावाचा साडेपाच फुटांच्या वर जेमतेम निघणारा पॉइंट गार्ड बॉल थेट रिंगच्या वर उडवून द्यायचा, थॉम्पसन उसळी मारून तो हवेतच झेलायचा आणि डंक न मारता, हात रिंगमध्ये न घालता, अलगद सोडून द्यायचा. ज्यांनी पाहिलं ते त्याचं वर्णन करताना हाताचा पंजा असा हलकेच खाली वळवतात. मी कितीतरी म्हाताऱ्यांना तो पंजा वळवताना पाहिलं आहे. सगळ्यांचा हात अगदी एकसारखा वळतो.

आणि मग एकदाच, १९७५ मध्ये, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात यूएनसी शार्लटविरुद्ध त्याने डंक मारला. टेक्निकल फाउल मिळाला. तो फाउल आपण पाहिला असं सांगणारी माणसं मोजली तर रेनॉल्ड्स पाच वेळा भरेल.

पण लोक सगळ्यात जास्त बोलतात ते त्या डंकबद्दल नाही, तो पडला त्याबद्दल. मार्च १९७४, एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, पिट्सबर्गविरुद्धचा सामना, तोही रेनॉल्ड्समध्येच. शॉट अडवायला थॉम्पसन उडाला, पाय आपल्याच संघातल्या फिल स्पेन्सच्या खांद्याला अडकला, हवेतच उलटा झाला आणि डोक्यावर आपटला. बारा हजार लोक गप्प. माझ्या विभागातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन टेबलावर ठेवलं होतं. ते म्हणाले, वाटलं, मेला. हॉस्पिटलात नेलं, पंधरा टाके घातले. सामना चालूच होता, कुणाचंच त्यात लक्ष नव्हतं. आणि मग डोक्याला पांढरी पट्टी बांधून तो परत कोर्टच्या कडेला येऊन बसला, तेव्हा जो आवाज झाला तो आयुष्यात पुन्हा ऐकला नाही, असं सांगताना प्राध्यापकमहाशयांचा स्वतःचाच आवाज बसला होता. पुढच्या शनिवारी ग्रीन्सबरोला त्याच थॉम्पसनने सलग सात वर्षं विजेत्या असलेल्या यूसीएलएला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ८०-७७ असं घरी पाठवलं. दोन दिवसांनी मार्क्वेट, आणि अजिंक्यपद. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. माझ्या स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर मला थोडा विचार करावा लागतो.

त्या साली यूसीएलएपेक्षा मोठा सामना दोन आठवडे आधीच झाला होता, असं मानणारेही आहेत, आणि ते मेरिलँडचे लोक आहेत. एसीसीची अंतिम लढत, ओव्हरटाइममध्ये १०३-१००. तेव्हा एका कॉन्फरन्समधून फक्त विजेताच पुढे जायचा, त्यामुळे देशातल्या चार-पाच सर्वोत्तम संघांपैकी एक असलेला मेरिलँड घरी बसला. पुढच्याच वर्षापासून नियम बदलला, स्पर्धा ३२ संघांची झाली. मेरिलँडच्या माणसाला विचाराल तर तो आधी तो पराभव सांगेल, मग १९८६ मधला लेन बायस सांगेल. एनबीएतल्या सेल्टिक्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि दोनच दिवसांत कोकेनने गेला, वय २२. बायसबद्दल मात्र इथले स्टेटवाले आणि कॅरोलायनावालेसुद्धा हळवे होतात. आमच्याविरुद्ध कसा खेळला होता ते सांगतात, आपल्याच घरच्या मुलाबद्दल बोलावं तसं. बायसला पुढचं नव्हतंच, म्हणून तो सांगायला सोपा जातो की काय, असं मला कधी कधी वाटतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

थॉम्पसनला पुढचं होतं. एनबीएत गेला, १९७८ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी एकाच सामन्यात ७३ गुण केले, आणि त्याच दिवशी जॉर्ज गर्विनने ६३ करून सर्वाधिक सरासरीचा मान थोडक्यात पटकावला. मग कोकेन. मग १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या नाइट क्लबमध्ये जिन्यावरून पडून गुडघा गेला आणि खेळ संपला. हवेत इतका वेळ राहणारा माणूस जिन्यावरून पडून संपावा, यावर काय बोलणार! पण त्यानंतरही तो जगला. नशेतून बाहेर आला, पन्नाशीला टेकताना परत येऊन पदवी पुरी केली. २००९ मध्ये मायकेल जॉर्डन हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा सोबत उभं राहायला, स्वतः कॅरोलायनाचा असूनही, त्याने आपल्या कोचला नाही, कॅरोलायनाच्या कुणाला नाही, तर स्टेटच्या थॉम्पसनला बोलावलं, कारण लहानपणी त्याचा नायक तोच होता. चॅपल हिलवाल्यांना ते अजून झोंबतं, आणि मला अजून गोड लागतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये रेनॉल्ड्सबाहेर थॉम्पसनचा पुतळा उभा राहिला. पुतळा अर्थातच उडी मारतानाचा. पदवीचा कागद हातात घेतलेला पुतळा कुणी करत नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, व्यावसायिक खेळाडूला लोक अख्खा स्वीकारतात, म्हातारा होईपर्यंत, जाहिरातीत दिसेपर्यंत. कॉलेजच्या खेळाडूलाच असं कापून का ठेवतात? मला वाटतं, कारण तो त्यांच्या वर्गात होता. थॉम्पसन ज्या रांगेत उभा राहून जेवण घ्यायचा त्याच रांगेत ते उभे असायचे. हिल्सबरो स्ट्रीटवरच्या ज्या टपरीवजा हॉटेलात तो बर्गर खायचा तिथेच ते बिल चुकवून पळायचे. त्याचं वय वीस, त्यांचं वय वीस. तो तिथेच थांबला नसता तर त्यांना स्वतःकडे बघावं लागलं असतं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचं असंच होतं. भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' करून घसा फोडणारी आमची पिढी अजून सांगते की त्या वर्षी त्या कॉलेजच्या एकांकिकेत त्या मुलाने म्हाताऱ्याचं काम काय केलं होतं. तो मुलगा पुढे बँकेत लागला, बदल्या झाल्या, निवृत्त झाला. नाटकाकडे फिरकलाही नाही. तो लक्ष्मी रोडवर भेटला तर आम्ही त्याला बँकेचं काही विचारत नाही. विचारतो ते एकच, ती खोकल्याची उबळ कशी जमवली होतीस रे? आणि त्याचा चेहरा खुलतो, हेही मी पाहिलं आहे. त्याला आम्ही त्याचं उरलेलं आयुष्य विचारत नाही याचं वाईट वाटतं की बरं वाटतं, हे मला कधीच कळलेलं नाही. विचारण्याइतकी ओळखही नव्हती.

तर त्या बॅटरीवाल्या म्हाताऱ्याशी मी जरा नरमले. पण पूर्ण नाही.

कारण काय राखायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारे हात नेहमी तेच असतात. १९९८ मध्ये मी इथे होते. तेव्हा आमच्या मुलींचा संघ कनेक्टिकटला हरवून फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत, पोचला होता. कोच के याओ, खेळाडू चॅसिटी मेल्विन. मेल्विन सहा फूट तीन इंच, पाठ बास्केटकडे करून उभी राहायची, बॉल आला की एक खांदा खाली टाकायची, समोरची मुलगी त्या बाजूला झुकली की दुसऱ्या बाजूने वळून अगदी निवांतपणे बोर्डवर ठेवून द्यायची. मी ते बघून बघून पाठ केलं होतं. उंच नसल्याचं दुःख आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा झालं. लुइझियाना टेककडून हरलो आणि मी रस्त्यात रडले. गेल्या पंचवीस वर्षांत मला रॉलीत कुठल्याही दुकानात, रांगेत, वेटिंग रूममध्ये मेल्विनची आठवण काढणारा एकही अनोळखी माणूस भेटलेला नाही. के याओंचं नाव निघतं. पण त्यांना कॅन्सर झाला, त्या उपचार घेत घेत बाकावर बसत राहिल्या आणि २००९ मध्ये गेल्या, म्हणून निघतं. व्हॅल्व्हानोचंही तसंच, १९९३ मध्ये कॅन्सरने गेला, त्या आधी काही आठवडे व्यासपीठावर उभं राहून बोलला, ते भाषण इथे शाळेच्या पोरांनाही येतं. म्हणजे कोचचं पुढचं चालतं, मरण उदात्त असेल तर चालतं. बस चालत नाही.

इथे जन्मलेल्या लोकांकडे आणखी एक ठेवा आहे, त्याचा मात्र मला निव्वळ हेवा वाटतो. एसीसी स्पर्धेच्या शुक्रवारी शाळेत मास्तर चाकांच्या स्टँडवरचा टीव्ही ढकलत वर्गात आणायचे. पडदे ओढायचे, गणित बंद. माझ्या शेजारणीला तो चाकांचा कुरकुर आवाज अजून आठवतो. ती म्हणते, मला ना तुमचा बर्लसन आठवतो ना टो आठवतो, मला फक्त बाई आमच्याबरोबर ओरडल्या ते आठवतं. ती कॅरोलायनाची आहे, तरी हे ती सांगते तेव्हा मी काही बोलत नाही.

आताच्या मुलांबद्दल म्हातारे जे बोलतात ते मात्र मला पटत नाही. भाडोत्री झालेत म्हणतात. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेता येतात, वर्ष संपलं की बदलीच्या पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. आज इथे, उद्या केंटकीत. मग आठवण कुणाची ठेवायची, असा त्यांचा सवाल. पण थॉम्पसनच्या भरतीत नियमभंग झाला म्हणून १९७३ चा संघ २७ पैकी २७ सामने जिंकूनही स्पर्धेबाहेर बसला होता, आणि त्या आरोपांत काय होतं? तर सहायक कोच त्याच्याबरोबर एक साधा गल्लीतला सामना खेळला, असलं काहीतरी. त्याच्या नावावर रेनॉल्ड्स ओसंडून वाहत होतं आणि त्याला मिळत होती शिष्यवृत्ती. मग आता पोरांनी दोन पैसे घेतले तर एवढं कशाला लागावं? आणि आठवणीचं म्हणाल, तर २०२४ ला डी. जे. बर्न्स नव्हता का! टेनेसी, मग विन्थ्रॉप, मग आमच्याकडे. फिरतीवरचाच. पावणेतीनशे पौंडांचा डावखुरा, पायांनी नाचरा, तोंडभर हसणारा. एसीसीत पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते, व्हर्जिनियाविरुद्ध तर हरल्यातच जमा होतो. मायकेल ओकॉनेलने शेवटच्या क्षणी बोर्डवर आपटून थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, घातला आणि ओव्हरटाइममध्ये गेलो. मग अंतिम फेरीत खुद्द कॅरोलायना. १९८७ नंतर पहिलं एसीसी विजेतेपद. बर्न्स इथे दोनच हंगाम होता, आणि त्याचा खांदा टाकून वळण्याचा प्रकार कोर्टवर पाहिला तेव्हा मी घरी सोफ्यावरून उठून उभी राहिले, कारण तो थेट मेल्विनचा होता. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला एक कोल्हापूरचा मुलगा भेटला, स्टेटलाच इंजिनिअरिंग करतोय. मिसळीच्या पातेल्यापाशी उभा राहून तो चार-पाच जणांना ३१ मार्च २०२४ सांगत होता. ईस्टरचा रविवार, ड्यूकला हरवून फायनल फोर, बेल टॉवर लाल दिव्यांनी उजळलेला, हिल्सबरो स्ट्रीट माणसांनी फुललेला, सगळे भिजलेले, तरी कुणी हलत नव्हतं. मी विचारलं, आणि त्याच दिवशी मुलींनी टेक्ससला हरवलं ते? तो म्हणाला, हो काकू, पोर्टलंडला, ती थ्री पॉइंटची रेषा! कोर्टच्या एका टोकाला रेषा एका अंतरावर, दुसऱ्या टोकाला भलत्याच, सामना सुरू व्हायच्या तोंडावर कळलं, आणि दोन्ही कोच म्हणाले, खेळू तसंच. अझाया जेम्सने त्या वाकड्या कोर्टवर थ्रीचा सपाटा लावला होता. त्याला सगळं माहीत होतं. मी त्याला आणखी एक वाटी रस्सा वाढला. तेवढ्यात माझा नवरा आला आणि म्हणाला, भिजलेले कसे? त्या दिवशी पाऊस कुठे होता? मुलगा म्हणाला, काका, मी तिथे होतो, माझे बूट दोन दिवस वाळले नव्हते. नवरा म्हणाला, मीही तिथेच होतो, आकाश निरभ्र होतं, ते कुणीतरी पाणी उडवत असेल. मुलाने मोबाइल काढला, फोटो काढून दाखवायला लागला, फोटोत फक्त लाल प्रकाश आणि एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं. नवऱ्याने चष्मा वर सरकवून फोटो मोठा करून बघितला. "यात कुठे पाऊस आहे?" "अहो काका, झूम करा ना, तो डावीकडचा माणूस बघा, त्याचे केस..." मी दोघांना तिथेच सोडून पाव संपत आले होते ते बघायला गेले.